एकाच फोममध्ये हलकं ते जड: घनतेचा उतार कसा घडवायचा

दोन वेगवेगळ्या घनतेचे फोम गोंदाने चिकटवले की काम भागतं, असं वाटतं. भागतंही, पण पहिला जोराचा दणका बसेपर्यंत. मऊ थर बाजूला पसरू पाहतो, कडक थर जागचा हलत नाही, आणि सगळा ताण मधल्या गोंदाच्या रेघेवर येऊन पडतो. तुकडा सुटतो तो तिथेच. निसर्ग या भानगडीत पडत नाही. हाड आडवं कापून पाहिलं तर बाहेर भरीव कवच आणि आत जाळी दिसते, पण एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. बांबूच्या भिंतीतले तंतूही बाहेरच्या अंगाला दाट आणि आतल्या अंगाला विरळ असतात, आणि हा बदल हळूहळू होतो.

पॉलिमर फोममध्ये असाच उतार आणायचा असेल तर एक गोष्ट आधी पक्की समजून घ्यायला हवी. फोमची घनता एका शर्यतीत ठरते. एकीकडे वायू सुटतो आणि बुडबुडे फुगवतो, दुसरीकडे पॉलिमर आळत जातो आणि बुडबुड्यांच्या भिंती घट्ट होतात. भिंती ज्या क्षणी हलेनाशा होतात, त्या क्षणी बुडबुडा जेवढा असेल तेवढाच कायमचा राहतो. या शर्यतीवर चार गोष्टींची सत्ता चालते: वायू किती आहे, तापमान किती आहे, दाब किती आहे, आणि आळायला वेळ किती मिळाला. उतार घडवणं म्हणजे या चारांपैकी एकच गोष्ट जागोजागी वेगळी ठेवणं आणि उरलेल्या तीन शक्यतो न हलवणं. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर ठोकळा बिघडल्यावर कशामुळे बिघडला ते कधीच कळत नाही. खालच्या सगळ्या पद्धती याच एका तत्त्वाची वेगवेगळी रूपं आहेत.

आधी कागदावर: नेमका कसला उतार हवा?

बहुतेक जण ‘एका टोकाला ४०, दुसऱ्या टोकाला ८०’ असं ठरवून थेट मिश्रण घोटायला घेतात. थांबा. तुम्हाला घनता नको असते, तुम्हाला ताठपणा हवा असतो, आणि घनता वाढते त्या प्रमाणात ताठपणा वाढत नाही. लोर्ना गिब्सन आणि मायकेल ॲशबी या पदार्थवैज्ञानिकांनी मांडलेला ढोबळ नियम असा: उघड्या कप्प्यांच्या, म्हणजे बुडबुडे एकमेकांत उघडणाऱ्या, फोमचा ताठपणा सापेक्ष घनतेच्या वर्गाप्रमाणे बदलतो. सापेक्ष घनता म्हणजे फोमची घनता भागिले भरीव पॉलिमरची घनता. भरीव पॉलियुरेथेन साधारण १२०० किलो प्रति घनमीटर धरलं, तर ६० चा फोम म्हणजे सापेक्ष घनता ०.०५ आणि १२० चा म्हणजे ०.१. घनता दुप्पट झाली, ताठपणा चौपट झाला.

याचा उपयोग उलट्या दिशेने करायचा. समजा चार थरांत ताठपणा १, २, ३, ४ या पटीत चढायला हवा आणि सगळ्यात हलका थर ४० किलो प्रति घनमीटरचा आहे. मग घनता ४०, ८०, १२०, १६० अशी घ्यायची नाही. प्रत्येक पटीचं वर्गमूळ घ्यायचं: ४०, ५७, ६९, ८०. शेवटच्या तीन थरांतला फरक किती कमी आहे ते पाहा. हा हिशेब न करता जड टोकाकडे भसाभस घनता वाढवली की तिथे फोम दाबलाच जात नाही आणि नुसतं वजन वाढतं.

दणका शोषण्यासाठी उतार हवा असेल तर आणखी एक मुद्दा. एकसारख्या घनतेचा फोम दाबला की थोडा ताठ राहतो, मग बराच वेळ जवळजवळ सारख्याच जोराने बसत जातो, आणि शेवटी कप्पे मिटले की एकदम कडक होतो. उतार असलेल्या फोममध्ये सगळ्यात हलका थर आधी बसतो, मग त्याच्यापुढचा. त्यामुळे जोर पायरीपायरीने चढत जातो. छोट्या आणि मोठ्या दोन्ही दणक्यांना एकच तुकडा पुरा पडावा असं वाटत असेल तर हेच हवं असतं. दणका नेहमी ठरावीकच असेल, तर मात्र एकसारखा फोमच बरा. तिथे उताराचा खटाटोप वाया जातो.

हात घालण्यापूर्वी

पॉलियुरेथेन दोन द्रवांच्या अभिक्रियेतून बनतं: पॉलिऑल आणि आयसोसायनेट. धोका दुसऱ्याचा. त्याच्या वाफेची किंवा धुरळ्याची एकदा श्वसनमार्गाला संवेदनशीलता आली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दम्यासारखा झटका येऊ शकतो, आणि ही संवेदनशीलता सहसा जात नाही. वारा खेळता ठेवा, सेंद्रिय वाफेचं काडतूस असलेला मुखवटा, नायट्राइलचे हातमोजे आणि बंद चष्मा वापरा. सांडलेलं आयसोसायनेट पाणी, धुण्याचा सोडा आणि थोडा द्रव साबण यांच्या द्रावणाने निष्क्रिय करतात. त्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण घट्ट लावू नका. आत कार्बन डायऑक्साइड बनत राहतो आणि डबा फुटतो.

दुसरा धोका उष्णतेचा. फोम स्वतःच उत्तम उष्णतारोधक असल्याने मोठ्या ठोकळ्याच्या पोटात उष्णता कोंडते. पाणी जास्त असलेल्या मिश्रणाचा मोठा ठोकळा आतून तपकिरी होतो, कधी पेटतोही. पहिले प्रयोग दोन-तीन लिटरच्या पुढे नेऊ नका, आणि ताजे ठोकळे एकमेकांवर न रचता रात्रभर मोकळ्या जागेत ठेवा.

पहिली पद्धत: थरावर थर ओतणे

सुरुवात इथूनच करावी, कारण यंत्र लागत नाही. लागतं ते चांगलं वजनयंत्र, घड्याळ आणि घोटायला पंखा लावलेलं ड्रिल. इथे बदलणारी गोष्ट म्हणजे वायूचं प्रमाण, आणि वायू येतो पाण्यातून. पाणी आणि आयसोसायनेट यांची अभिक्रिया होऊन अमाइन आणि कार्बन डायऑक्साइड बनतो, आणि ते अमाइन पुन्हा आयसोसायनेटशी जोडलं जाऊन युरिया बनतं. म्हणजे पाणी वायू देतं, पण आयसोसायनेट खातंही. हा हिशेब चुकला तर फोम चिकट तरी राहतो, नाही तर ठिसूळ तरी होतो.

*हिशेब.* पॉलिऑलच्या माहितीपत्रकावर हायड्रॉक्सिल अंक (अभिक्रिया करणारे गट किती आहेत त्याचं माप) दिलेला असतो. ५६१०० ला त्या अंकाने भागलं की सममूल्य वजन, म्हणजे अशा गटांच्या एका मोलमागे येणारं ग्रॅममधलं वजन, मिळतं. अंक २८ असेल तर २००४, म्हणजे १०० ग्रॅम पॉलिऑलमध्ये सुमारे ०.०५ सममूल्य. पाण्याचं सममूल्य वजन ९. आयसोसायनेटच्या पत्रकावर एनसीओ टक्केवारी, म्हणजे आयसोसायनेट गटाचं वजनी प्रमाण, असते. ४२०० ला तिने भागायचं. एमडीआय या आयसोसायनेटच्या प्रकारात ती ३१ असेल तर सममूल्य वजन १३५.५ येतं. म्हणजे १ ग्रॅम पाणी एकटं १५ ग्रॅम एमडीआय गिळतं. नवख्याचा हिशेब हमखास इथेच फसतो.

१०० ग्रॅम पॉलिऑलला, इंडेक्स १०० (म्हणजे हिशेबाला लागेल नेमकं तेवढंच आयसोसायनेट) धरून, तीन पाककृती अशा बसतात. पाणी १ ग्रॅम, तर एमडीआय २१.८ ग्रॅम. पाणी २ ग्रॅम, तर ३६.९. पाणी ३ ग्रॅम, तर ५१.९. वायूचं आकारमान २५ अंश सेल्सियसला प्रति मोल साडेचोवीस लिटर धरून कागदी घनता अनुक्रमे ८२, ४७ आणि ३५ किलो प्रति घनमीटर येते. ‘कागदी’ हा शब्द महत्त्वाचा. काही वायू निसटतो, काही भिंतींत विरघळलेला राहतो, आणि अभिक्रियेच्या उष्णतेने वायू फुगतो तो वेगळाच. कागदी आकड्यावरून फक्त तीन पाककृतींचा क्रम आणि अंदाज कळतो. खरा आकडा तुमचाच साचा सांगणार.

पॉलिऑलमधल्या आधीच्या ओलाव्याकडे मी बरेच दिवस दुर्लक्ष केलं. ड्रमचं झाकण सैल राहिलं आणि पॉलिऑलने ०.१ भाग पाणी ओढून घेतलं, तर ३ भाग पाण्याच्या पाककृतीत ते जाणवतही नाही. १ भागाच्या पाककृतीत मात्र तीच दहा टक्क्यांची चूक. उताराचं जड टोक दर वेळी वेगळं येत असेल तर पहिला संशय ड्रमवर घ्या.

*कप चाचणी.* प्रत्येक पाककृतीचा छोटा घाणा कागदी कपात घोटा. सिलिकोन सर्फॅक्टंट (बुडबुडे सावरणारा) आणि अमाइन उत्प्रेरक (अभिक्रियेचा वेग वाढवणारा) पत्रकातल्या शिफारशीप्रमाणे घ्या, आणि आयसोसायनेट सोडून बाकी सगळं आधी एकजीव करा. आयसोसायनेट ओतल्यापासून घड्याळ सुरू करून चार वेळा लिहायच्या: मिश्रण दुधाळ होऊन फुगायला लागतं ती क्रीमची वेळ, काडी टोचून ओढल्यावर तार सुटते ती जेलची वेळ, फुगणं थांबतं ती, आणि बोटाला चिकटेनासं होतं ती. चारही वेळा तिन्ही पाककृतींसाठी लागतात. पाणी कमी असलेला घाणा कमी तापतो, म्हणून तो हळू आळतो. त्याला उत्प्रेरक किंचित वाढवून तिन्हींच्या जेलच्या वेळा जवळ आणा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं यावरच उभं राहतं.

*किती ओतायचं.* समजा साच्याचा तळ २० गुणिले २० सेंटिमीटर आहे आणि प्रत्येक थर ३ सेंटिमीटर जाड हवा आहे. थराचं आकारमान १२०० घनसेंटिमीटर. ८२ घनतेला ९८ ग्रॅम मिश्रण लागतं, म्हणजे पॉलिऑल ८० ग्रॅम, पाणी ०.८ ग्रॅम, एमडीआय साडेसतरा ग्रॅमच्या आसपास. कपाच्या कडांना चिकटून राहणारं मिश्रण धरून पाच-दहा टक्के जास्त घोटा, पण ओतताना वजनावर ओता. ९८ ग्रॅम मिश्रण एवढ्या तळावर जेमतेम अडीच मिलिमीटर उंच राहतं. इतका पातळ थर साच्याच्या गार तळाला उष्णता देऊन बसतो आणि कपातल्यापेक्षा जड फोम होतो. म्हणून साचा आधी ४० अंशांच्या आसपास कोमट करून घ्या आणि प्रत्येक पाककृतीचा एक सुटा थर त्याच साच्यात ओतून मोजा. मग ते मोजलेले आकडे वापरून वजनं पुन्हा काढा.

*क्रम.* जड थर खाली, हलका वर. उलट केलंत तर द्रव मिश्रण खालच्या हलक्या, ताज्या फोममध्ये मुरतं आणि नको तिथे एक दाट पट्टा तयार होतो.

*दुसरा थर कधी ओतायचा?* थर ओतण्यातलं खरं कसब हेच. खालचा थर जेल होण्याआधी ओतलं तर तो बसतो. पूर्ण कोरडा झाल्यावर ओतलं तर त्यावर साल धरलेली असते आणि सांधा गोंदासारखाच कमकुवत राहतो. खिडकी आहे ती फुगणं थांबल्यापासून चिकटपणा जाईपर्यंतची. खालच्या थरात आयसोसायनेटचे मोकळे गट अजून शिल्लक असतात, वरच्या थराशी ते रासायनिक बंध जोडतात. साच्याशेजारी त्याच घाण्याचा एक कप ठेवा आणि काडी त्यातच टोचा, साच्यात नाही. वरचं मिश्रण त्याच्या क्रीमच्या वेळेच्या आधी खालच्या थरावर पोचलं पाहिजे. म्हणून ते घोटायला कधी घ्यायचं ते घड्याळ उलटं मोजून ठरवा. एकट्याने हे होत नाही. एकाने घड्याळ आणि काडी सांभाळावी, दुसऱ्याने ड्रिल.

माझा पहिला चार थरांचा ठोकळा वरून सुंदर दिसत होता. कापल्यावर आत तीन काळसर रेघा निघाल्या. प्रत्येक थराने वरच्या बाजूला स्वतःची साल धरली होती. हातांनी ओढल्यावर ठोकळा पुस्तकासारखा पानापानांनी उघडला. तेव्हापासून सांध्याची एकच चाचणी मानतो: पट्टी कापून ओढायची, फाटणं रेघेवर न होता हलक्या थराच्या पोटात झालं पाहिजे.

पायऱ्या गुळगुळीत करायला थर वाढवावेत, असं साहजिक वाटतं. पण थर पंधरा मिलिमीटरपेक्षा पातळ झाला की त्यात सालीचा वाटा फार होतो. हाताने ओतताना चार-पाच थरांपुढे जाण्यात अर्थ नाही. सलग उतार हवाच असेल तर दोन टाक्या लागतात: एकीत १ भाग पाण्याचं पॉलिऑल, दुसरीत ३ भागांचं. दोन्ही पंपांचं प्रमाण ओतता ओतता बदलत न्यायचं आणि आयसोसायनेटचा पंप त्या प्रमाणाशी जुळवून चालवायचा. मोटारींच्या आसनांत कडा कडक आणि मधला भाग मऊ ठेवायला अनेक प्रवाहांची मिश्रण-डोकी वापरतात. तिथे बऱ्याचदा घनता न बदलता आयसोसायनेटचा इंडेक्स बदलतात. कडकपणा आणि घनता या दोन वेगळ्या कळा आहेत, हे त्यावरून लक्षात यावं.

इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. पाणी बदललं की युरियाचं प्रमाणही बदलतं. म्हणजे थरांच्या भिंतींचं पॉलिमर काटेकोरपणे एकच राहत नाही. हलक्या थराची भिंत जरा जास्त ताठ असते आणि वरचा वर्गाचा नियम तेवढा ढळतो. गादी किंवा पॅकिंगसाठी याने काही बिघडत नाही. भिंती तंतोतंत एकाच पदार्थाच्या हव्यात, असं काम असेल तर पुढच्या दोन पद्धती पाहा.

दुसरी पद्धत: गार भिंतीचा साचा

इथे मिश्रण एकच असतं आणि उतार तापमान व दाब घडवतात. स्टिअरिंग चाक किंवा खुर्चीचा हात यांची बाहेरची चामड्यासारखी साल आणि आतला मऊ गाभा एकाच ओतकामात असाच तयार होतो.

पाण्याऐवजी उकळणारा द्रव फुगवणीसाठी वापरायचा. अभिक्रियेच्या उष्णतेने गाभ्यात तो उकळतो आणि बुडबुडे होतात. भिंतीजवळ मात्र साचा गार असतो, आणि फोम साच्याला आतून दाबत असल्याने दाबही चढलेला असतो. तिथे वाफ पुन्हा द्रव होते, बुडबुडे मिटतात आणि जवळजवळ भरीव साल उरते. कार्बन डायऑक्साइड अशा तापमानाला आणि दाबाला द्रव होत नाही, म्हणून पाण्याने फुगवलेल्या फोमला अशी साल नीट धरत नाही. एके काळी या कामाला सीएफसी-११ हा २४ अंशांच्या आसपास उकळणारा द्रव सर्रास वापरत. ओझोन थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हद्दपार झाला. आता पेंटेन कुटुंबातले द्रव किंवा एचएफओ (हायड्रोफ्लुओरोओलेफिन) वापरतात. नॉर्मल पेंटेन ३६ अंशांना उकळतो, सायक्लोपेंटेन ४९ ला. दोन्ही अतिशय ज्वालाग्राही आहेत. ठिणगी न उडणारी मोटर आणि वाफ ओढणारी व्यवस्था नसेल तर पेंटेनला हात लावू नका, न पेटणारा एचएफओ घ्या.

साचा ॲल्युमिनियमचा हवा. प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा साचा उष्णता ओढून घेत नाही, मग साल धरत नाही. पॉलिऑलमधलं पाणी आण्विक चाळणीने (पाणी शोषणाऱ्या सच्छिद्र दाण्यांनी) काढून टाका, नाहीतर त्यातून आलेले कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सालीत टाचणीच्या छिद्रांसारखे दिसतात.

आता भरणीचा हिशेब. आधी उघड्या कपात फोम मोकळा फुगू द्या आणि घनता मोजा. समजा ती १५० आली. साचा ३० गुणिले २० गुणिले ३ सेंटिमीटर, म्हणजे १.८ लिटर. मोकळ्या फुगणीने तो जेमतेम भरायला २७० ग्रॅम लागतील. त्यात ५४० ग्रॅम कोंबलं की सरासरी घनता ३०० होते, आणि ही दुप्पट भरणीच भिंतीवर दाब आणते. दीडपट, दुप्पट आणि अडीचपट असे तीन नमुने करून पाहा. भरणी वाढवाल तशी साल जाड होते, गाभाही थोडा जड होतो.

या दाबाला कमी लेखू नका. आत नुसता २ बार दाब चढला तरी ३० गुणिले २० सेंटिमीटरच्या झाकणावर १२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास जोर येतो. चार कोपऱ्यांना लावलेले हलके शिकंजे यात टिकत नाहीत. चारही बाजूंना बोल्ट हवेत. हवा निघायला सगळ्यात उंच कोपऱ्यात बारीक छिद्र ठेवा आणि ओतताना साचा त्या कोपऱ्याकडे चढता कलवा.

खरी गंमत दोन भिंतींचं तापमान वेगळं ठेवण्यात आहे. साच्याच्या एका भिंतीची पट्टी ३० अंशांवर आणि समोरची ६० वर ठेवली की गार बाजूला जाड साल, गरम बाजूला जवळजवळ काहीच नाही, आणि मधे सलग उतार. पट्ट्यांत वेगवेगळ्या तापमानाचं पाणी फिरवायचं आणि मधल्या चौकटीत उष्णतारोधक पट्टी घालायची, म्हणजे दोन तापमानं एकमेकांत मिसळत नाहीत. मिश्रण, भरणी आणि वेळ तीच ठेवून फक्त गार पट्टी २५, ४० आणि ५५ अंशांवर नेऊन तीन नमुने केले की तुमच्या साच्याचा स्वभाव कळतो. या पद्धतीने थरांपेक्षा जास्त सुबक उतार मिळतो, असं माझं मत आहे. तिची मर्यादाही सरळ आहे: उतार नेहमी भिंतीपासून आतच जातो, हवा तिथे वळवता येत नाही.

तिसरी पद्धत: वायू मुरवून मग फुगवणे

तयार, भरीव प्लॅस्टिकच्या पत्र्यात वायू मुरवायचा आणि नंतर तापवून फुगवायचं. सूक्ष्मकोषी, म्हणजे अतिशय बारीक बुडबुड्यांच्या, फोमची ही वाट १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीमध्ये नाम सू यांच्या गटाने दाखवली. पॉलिकार्बोनेट, ॲक्रिलिक, पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) अशा पदार्थांवर ती चालते, आणि इथे भिंतीचं पॉलिमर अथपासून इतिपर्यंत एकच राहतं.

पत्रा उच्चदाब भांड्यात ठेवून कार्बन डायऑक्साइड साधारण ५ मेगापास्कल दाबाने भरतात. वायू पृष्ठभागातून आत झिरपत जातो. जाडी दुप्पट असेल तर मुरायला चौपट वेळ लागतो. उतार पाडायचा तर मुरणं अर्धवट ठेवायचं: बाहेर वायू भरपूर, गाभ्यात कमी. असा पत्रा तापवला की बाहेरचा भाग हलका फुगतो आणि गाभा जड राहतो. उलटा उतार हवा असेल तर पत्रा पूर्ण मुरवायचा आणि बाहेर काढून काही वेळ नुसता ठेवायचा. पृष्ठभागातला वायू उडून जातो, मग फुगवल्यावर साल भरीव राहते आणि गाभा हलका होतो. एका बाजूला धातूची पट्टी घट्ट दाबून ठेवली तर वायू एकाच बाजूने शिरतो आणि उतार एकतर्फी पडतो.

किती वायू मुरला ते भांड्यातून काढल्या काढल्या वजन करून कळतं, आणि किती उडाला ते दर दोन मिनिटांनी वजन करून. हा वजन-वेळ आलेख एकदा काढून ठेवला की ‘किती वेळ बाहेर ठेवायचं’ याचं उत्तर कायमचं मिळतं. पुढे पत्रा गरम ग्लिसरीनमध्ये बुडवतात. मुरलेला वायू प्लॅस्टिकला मऊ करतो, म्हणून नेहमीच्या मऊ होण्याच्या तापमानाच्या बरंच खालीही तो फुगतो. शुद्ध पॉलिकार्बोनेट १५० अंशांच्या आसपास मऊ होतं, मुरलेलं त्याच्या कितीतरी आधी. ठरलेला वेळ झाला की लगेच गार पाण्यात टाकायचं. भांडं त्या दाबासाठी प्रमाणित आणि सुरक्षा झडप असलेलंच हवं. इथे जुगाडाला जागा नाही.

बाकीच्या वाटा, थोडक्यात

मण्यांचा फोम, म्हणजे ईपीएस (फुगवलेलं पॉलिस्टायरीन, आपलं थर्माकोल) किंवा ईपीपी (फुगवलेलं पॉलिप्रोपिलीन), असेल तर साच्यात सरकता पडदा घालून दोन्ही बाजूंना वेगळ्या घनतेचे मणी भरतात, पडदा उचलतात आणि मग वाफ सोडतात. सीमेवरचे मणी एकमेकांत मिसळून वितळतात आणि सांधा भक्कम होतो. अडचण एकच: वाफ दोघांना एकच मिळते. हलके मणी तिच्यात आक्रसतील किंवा जड मणी नीट जुळणार नाहीत, म्हणून घनतेतला फरक फार मोठा ठेवता येत नाही.

त्रिमितीय प्रिंटरसाठी फुगणाऱ्या पीएलएची तार मिळते. नोझल २०० अंशांच्या आसपास असताना ती जवळपास भरीव छापली जाते, २५० कडे नेलं की फुगते. तापमान वाढवाल तसा तारेचा प्रवाह त्याच प्रमाणात कमी करावा लागतो, नाहीतर छपाई फुगून विद्रूप होते. नोझलचं तापमान बदलायला कित्येक सेकंद लागतात. त्यामुळे खालून वर उतार सोपा, एकाच थरात डावीकडून उजवीकडे जवळजवळ अशक्य. आकार गुंतागुंतीचा आणि नग एखाददुसराच असेल तर मी हीच वाट घेईन.

ध्वनीनेही उतार पाडता येतो. कार्मेन टोरेस-सांचेझ आणि जोनाथन कॉर्नी यांनी आळत्या पॉलियुरेथेनवर श्राव्यातीत ध्वनी सोडून, जिथे ध्वनीचा दाब वेगळा तिथे सच्छिद्रता वेगळी, असे नमुने तयार केले. कल्पना देखणी आहे, पण ध्वनीक्षेत्र मोजायची साधनं नसतील तर त्या वाटेला जाऊ नये.

कापा आणि मोजा

फोम किमान एक दिवस, जमल्यास तीन दिवस २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या जवळपास ठेवा. मग उताराच्या आडव्या दिशेने १० मिलिमीटरच्या चकत्या कापा. लवचीक फोमला लांब धारदार पातं, कडक फोमला बारीक दातांची पट्टी-करवत. तापलेली तार ईपीएसला चालते, पॉलियुरेथेनला कधीही लावू नका, जळताना हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू सुटतात. करवतीत जाणारी मिलिमीटरभर जाडी हिशेबात धरा, नाहीतर आलेख सरकतो.

५० गुणिले ५० गुणिले १० मिलिमीटरची चकती २५ घनसेंटिमीटरची असते. घनता ४० असेल तर तिचं वजन फक्त १ ग्रॅम. दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर यात दहा टक्के चूक होते, शतांश दाखवणाऱ्यावर एक टक्का. म्हणजे स्वयंपाकघरातला काटा इथे निरुपयोगी. कॅलिपरचे जबडे मऊ फोममध्ये रुतू देऊ नका, दोन काचपट्ट्यांमध्ये चकती ठेवून मापा. आयएसओ ८४५ हे प्रमाण नेमकं याच मोजणीसाठी आहे.

चकत्यांच्या घनतेचा आलेख काढला की कागदावर ठरवलेल्या रेषेशी तो सहसा जुळत नाही. थरांच्या ठोकळ्यात सगळ्यात खालची चकती अपेक्षेपेक्षा जड येते, कारण साच्याचा तळ गार होता. मधल्या चकत्या हलक्या येतात, कारण खालच्या थराच्या उष्णतेने वरचा थर जास्त फुगतो. सगळ्यात वरची पुन्हा जड येते ती सालीमुळे. उपाय पाककृतीत लगेच शोधू नका. आधी साच्याचं तापमान पाच-दहा अंशांनी वाढवा, वरून सालीसाठी काही मिलिमीटर जादा उंची ओता आणि ती छाटून टाका. एवढं करूनही मधला थर हलका राहिला तर त्याचं पाणी ०.१ भागाने कमी करा, एमडीआय दीड ग्रॅमने कमी करायला विसरू नका, आणि पुन्हा कपापासून सुरुवात करा. पॉलिऑलचा नवा ड्रम उघडलात तरी कप चाचणी पुन्हा पहिल्यापासून.